सातवा हिस्सा आणि दहा टक्के : शाळेतील क्रमांकाची शंभर वर्षे

१/
१९२२ च्या शरद ऋतूत हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेश-अर्जात काही नवे प्रश्न अवतरले. वंश आणि वर्ण कोणता? धर्म कोणता? आईचे माहेरचे नाव काय? वडिलांचा जन्म कुठे झाला? आणि जन्मापासून आजवर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे काय? झाला असल्यास खुलासा करावा. #थ्रेड

२/
या सगळ्या प्रश्नांमागे प्रश्न एकच होता : मुलगा ज्यू आहे की नाही? याच अस्वस्थतेतून काही महिन्यांत हार्वर्डने आणखी एक नियम केला. त्यात धर्म, वंश, नाव यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. शाळेत तुमचा क्रमांक कितवा, एवढेच तो विचारत होता. तो नियम करणाऱ्यांवरच उलटला. पुढे पाऊणशे वर्षांनी तसाच नियम टेक्सासमध्ये नेमक्या विरुद्ध हेतूने आणला गेला.

३/
आधी शब्दाचा अर्थ. अमेरिकेत 'वर्गातील क्रमांक' म्हणजे 'अ' तुकडीतला नंबर नव्हे. शाळेतून एका वर्षी बाहेर पडणारी सगळी मुले मिळून एक 'वर्ग' होतो. मग ती चाळीस असोत वा आठशे. त्यांच्या माध्यमिक शाळेतील श्रेणींची सरासरी काढून त्यांना ओळीने उभे केले की प्रत्येकाला क्रमांक मिळतो.

४/
महाराष्ट्रात बोर्डाची गुणवत्ता यादी लागत असे, तेव्हा लातूरचा मुलगा आणि दादरची मुलगी एकाच प्रश्नपत्रिकेवर, एकाच यादीत मोजले जात. अमेरिकेतील क्रमांक तसा नाही. तो मुलाला फक्त त्याच्याच शाळेतील मुलांशी ताडून पाहतो. त्यामुळे शेजारच्या बाकावर कोण बसले आहे, याला सगळे महत्त्व येते. पुढची सारी हकीकत याच गोष्टीभोवती फिरते.

५/
विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डचा दरवाजा तसा सरळ होता. प्रवेश परीक्षा द्यावी, उत्तीर्ण व्हावे, आत यावे. जागांना मर्यादा नव्हती. अडचण एवढीच की त्या परीक्षेची पद्धतशीर तयारी मुख्यतः ईशान्येकडील श्रीमंत खासगी शाळांत होई. आयोवातल्या एखाद्या गावच्या सरकारी शाळेत कितीही हुशार मुलगा असला, तरी हार्वर्डचा पेपर त्याने कधी पाहिलेलाच नसे.

६/
बोस्टन शहरातील काही सरकारी शाळांत मात्र ही तयारी होत असे. पूर्व युरोपातून स्थलांतरित होऊन आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले त्या शाळांत शिकत होती, घरी राहून ये-जा करत होती आणि परीक्षा उत्तीर्ण होत होती. १९०० साली हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांत ज्यू सुमारे ७ टक्के होते. १९२२ मध्ये ते २१ टक्क्यांच्या वर गेले.

७/
त्या वेळचे अध्यक्ष अ‍ॅबट लॉरेन्स लॉवेल हे बोस्टनच्या जुन्या, धनाढ्य घराण्यातले. याच काळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात राहण्यास मज्जाव करणारेही तेच. ज्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांवर रोखावे, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यांचे म्हणणे त्यांनी एका पत्रात उन्हाळी हॉटेलाच्या दाखल्याने मांडले : ज्यूंना प्रवेश देणारे हॉटेल बुडते, कारण त्यांच्या येण्याने बाकीचे गिऱ्हाईक पळते आणि मग ते स्वतःही तिथे राहत नाहीत.

८/
लॉवेल यांचे वेगळेपण त्यांच्या पूर्वग्रहात नव्हते, तो अनेकांचा होता. इतर विद्यापीठे जे गुपचूप करत होती, ते त्यांनी उघड करायचे ठरवले, हे वेगळेपण. बातमी वर्तमानपत्रांत गेली आणि गदारोळ झाला. हार्वर्डच्या पर्यवेक्षक मंडळावरील न्यायाधीश ज्युलियन मॅक यांच्यासारख्यांनी कडाडून विरोध केला. शेवटी प्रश्न १३ प्राध्यापकांच्या समितीकडे गेला. त्यांतील तिघे ज्यू होते.

९/
एप्रिल १९२३ मध्ये समितीचा अहवाल आला. वंश किंवा धर्म यांवर आधारित कोटा तिने स्पष्टपणे फेटाळला. मात्र त्याच अहवालात दुसरी एक शिफारस होती. मान्य अभ्यासक्रम पूर्ण करून शाळेच्या अखेरच्या वर्षात जो विद्यार्थी आपल्या वर्गाच्या वरच्या सातव्या हिश्शात असेल, त्याला प्रवेश परीक्षेविना हार्वर्डमध्ये घ्यावे. ७० मुलांच्या शाळेतील पहिले १०. इतका साधा हिशेब.

१०/
वरवर पाहता नियम उदार होता, आणि काही अंशी खराच उदार होता. दक्षिणेतील आणि पश्चिमेतील ज्या सरकारी शाळा मुलांना हार्वर्डच्या परीक्षेसाठी तयार करू शकत नव्हत्या, त्यांच्यासाठी वाट खुली झाली. पण त्या दूरच्या गावांत ज्यू वस्ती फारच थोडी होती, हे सर्वांना ठाऊक होते. तिकडची मुले वाढली की ज्यूंचे प्रमाण आपसूक घटेल, हा त्यामागचा हिशेब असल्याचे अनेक इतिहासकार मानतात.

११/
घडले उलटे. नियम गावच्या शाळांना लागू होता तसाच मोठ्या शहरांतील सरकारी शाळांनाही लागू होता. तिथल्या वरच्या सातव्या हिश्शात ज्यू मुले होतीच. पूर्वी त्यांना प्रवेश परीक्षा द्यावी लागे, आता तीही लागेना. १९२५ पर्यंत हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांतील ज्यूंचे प्रमाण २७ टक्क्यांच्या पुढे गेले. कोट्याला पर्याय म्हणून आणलेल्या नियमाने कोट्याचे कारणच अधिक मोठे केले.

१२/
क्रमांक हा आकडा आहे आणि आकड्याला आडनाव नसते. लॉवेल यांना हे जड गेले. १९२६ मध्ये त्यांनी दोन गोष्टी साधल्या. पहिल्या वर्षाची संख्या १००० वर गोठवली, म्हणजे आता 'निवड' करणे भाग पडले. आणि त्या निवडीत चारित्र्य व व्यक्तिमत्त्व यांना वजन दिले. अर्जासोबत छायाचित्र आवश्यक झाले. पुढील काही वर्षांत ज्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आले. मूळ प्रस्तावातील आकडा हाच होता.

१३/
थोडे विषयांतर. आजच्या अमेरिकी प्रवेशप्रक्रियेत निबंध, शिफारसपत्रे, मुलाखत, नेतृत्वगुण, 'समग्र मूल्यांकन' या गोष्टी भारतातून अर्ज करणाऱ्या मुलांना फार पुरोगामी वाटतात. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी २००५ मध्ये 'द चोझन' या ग्रंथात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांची दप्तरे तपासून यातील बऱ्याच गोष्टींचे मूळ विसाच्या दशकातील ज्यू-प्रश्नात दाखवले आहे. तेव्हा 'व्यक्तिमत्त्व' हा शब्द नकार देण्यासाठी फार सोयीचा होता.

१४/
त्याच वर्षी, २३ जून १९२६ रोजी, सुमारे ८००० मुलांनी एक नवी परीक्षा दिली. तिचे नाव एसएटी. पुढे १९३३ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झालेले जेम्स ब्रायंट कोनंट यांनी शिष्यवृत्तीसाठी तिचा वापर सुरू केला. सर्व शाळांना एकच मोजपट्टी, हे तिचे आकर्षण. शाळेचा क्रमांक मुलाला त्याच्या गावात मोजतो, एसएटी त्याला देशात मोजते. पुढची कित्येक दशके बहुतेक विद्यापीठांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून निर्णय घेतले.

१५/
निव्वळ क्रमांकावर दार उघडण्याची कल्पना मात्र मागे पडली होती. ती पुन्हा वर आली टेक्सासमध्ये, एका न्यायालयीन पराभवामुळे. त्यासाठी आधी टेक्सासच्या शाळा पाहायला हव्यात.

१६/
ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठ हे राज्याचे मानाचे सरकारी विद्यापीठ. हेमन स्वेट या कृष्णवर्णीय तरुणाला त्याच्या विधी महाविद्यालयात शिरण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. निकाल १९५० मध्ये लागला. पदवीच्या वर्गांत कृष्णवर्णीय विद्यार्थी आले ते १९५६ मध्ये. मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी दक्षिण टेक्सासात वर्षानुवर्षे वेगळ्या, कमी प्रतीच्या शाळा होत्या.

१७/
कायद्याने भेद संपला तरी नकाशाने तो टिकवला. शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चाले. सॅन अँटोनियोमध्ये १९६७-६८ साली एजवुड या गरीब, मुख्यतः मेक्सिकन-अमेरिकन जिल्ह्यात दर विद्यार्थ्यामागे ३५६ डॉलर खर्च होत. त्याच शहरातील अलामो हाइट्स या गोऱ्या, सधन जिल्ह्यात ५९४. एजवुडच्या पालकांनी दावा लावला. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळला. गरीब जिल्ह्याची शाळा गरीब असणे हा संविधानाचा भंग नव्हे, असा त्या निकालाचा अर्थ.

१८/
शाळा विषमच राहिल्यावर विद्यापीठाने दुसऱ्या टोकाला उपाय केला : प्रवेश देताना अर्जदाराचा वंश लक्षात घ्यायचा. हे भारतातील आरक्षणासारखे नव्हते. ठराविक टक्के जागा राखून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच मनाई केली होती. वंश हा अनेक निकषांपैकी एक असू शकत होता, इतकेच.

१९/
१९९२ मध्ये विधी महाविद्यालयात प्रवेश नाकारला गेलेल्या शेरिल हॉपवुड आणि इतर तीन गोऱ्या अर्जदारांनी यालाच आव्हान दिले. मार्च १९९६ मध्ये पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९९७ च्या फेब्रुवारीत राज्याचे महाधिवक्ता डॅन मोरालेस यांनी त्याचा अर्थ आणखी ताणला : केवळ विधी नव्हे, टेक्सासमधील कोणत्याही सरकारी विद्यापीठाच्या प्रवेशात वा शिष्यवृत्तीत वंशाचा विचार करायचा नाही.

२०/
परिणाम तत्काळ दिसला. ऑस्टिनमधील नव्या विद्यार्थ्यांत १९९६ साली कृष्णवर्णीय ४.१ टक्के आणि हिस्पॅनिक १४.५ टक्के होते. १९९७ मध्ये हे आकडे २.७ आणि १२.६ वर आले.

२१/
तोडगा शोधणाऱ्यांत विधीचे प्राध्यापक जेराल्ड टॉरेस होते आणि इतिहासाचे अभ्यासक डेव्हिड मॉन्टेहानो होते. मॉन्टेहानो यांचे १९८७ चे पुस्तक टेक्सासमधील अँग्लो आणि मेक्सिकन समाजांच्या दीडशे वर्षांच्या संबंधांवर आहे. वेगळ्या वस्त्या आणि वेगळ्या शाळा कशा घडल्या, हे ज्याने अभिलेखांतून उलगडले, त्याच्याच हाती त्या वेगळेपणाचे आता काय करायचे हा प्रश्न आला. इतिहासकाराला अशी संधी क्वचित मिळते.

२२/
उत्तर साधे होते. राज्यातील प्रत्येक शाळेच्या वर्गातील वरच्या १० टक्के मुलांना राज्याच्या कोणत्याही सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. एसएटीचे गुण कितीही असोत. वंशाचा शब्दही नाही. एजवुडमध्ये जवळजवळ सगळी मुले मेक्सिकन वंशाची असतील, तर तिथले वरचे १० टक्केही तसेच असणार. शाळांची विषमता दूर झाली नव्हती, पण तिचाच उपयोग करून घेता येत होता.

२३/
विधेयक मांडले किंग्जव्हिलच्या आमदार इर्मा रँगेल यांनी. १९७६ मध्ये टेक्सासच्या विधानसभेवर निवडून आलेल्या त्या पहिल्या मेक्सिकन-अमेरिकन महिला. सिनेटमध्ये गॉन्झालो बॅरिएन्टोस यांनी ते पुढे नेले. दोघेही डेमोक्रॅट. एवढ्या बळावर ते संमत झाले नसते.

२४/
मदत आली अनपेक्षित बाजूने. विद्यापीठाचे निम्मे नवे विद्यार्थी जेमतेम ६० शाळांतून येत असल्याचे आकडे पुढे आले. राज्यात शाळा सुमारे १५००. त्या साठांपैकी बहुतेक ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन यांच्या सधन परिसरातल्या. पश्चिम टेक्सासमधील ग्रामीण, गोऱ्या, रिपब्लिकन आमदारांनी हिशेब पाहिला, तर त्यांच्या मतदारसंघांतूनही ऑस्टिनला फारसे कोणी जात नव्हते. कापूस पिकवणाऱ्या गावाचे आणि सीमेवरील मेक्सिकन वस्तीचे हित या एका नियमात एकत्र आले.

२५/
२० मे १९९७ रोजी राज्यपाल जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी कायद्यावर सही केली. १९९८ च्या शरद ऋतूपासून तो लागू झाला. नुसत्या दाराने काम भागत नाही, फी आणि राहण्याचा खर्चही असतो, हे ओळखून १९९९ पासून ऑस्टिन विद्यापीठाने मुले न पाठवणाऱ्या गरीब शाळा हेरून तिथे शिष्यवृत्त्या सुरू केल्या. त्या वर्षी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण पुन्हा ४.१ टक्क्यांवर आले.

२६/
त्याचे दोषही लवकरच दिसले. एक म्हणजे क्रमांकाचे गणित. कठीण अभ्यासक्रमाच्या विषयाला अनेक शाळा ४ ऐवजी ५ पर्यंत गुण देतात. ज्याची सरासरी ४.७ आहे, त्याने शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून पूर्ण ४ मिळवले, तरी त्याची सरासरी खाली येते. मग ट्रम्पेट सोडायचा. उलट जिथे असे वजन नाही, तिथे सोपे विषय घेऊन वर चढायचे. कोणते वजन कशाला, हे बराच काळ बहुतांशी प्रत्येक ठिकाणच्या शाळेच्या हाती होते.

२७/
दुसरा दोष शाळा बदलण्याचा. अर्थतज्ज्ञ कलन, लाँग आणि रीबॅक यांनी दाखवले की काही कुटुंबांनी मुलांना अधिक चुरशीच्या शाळेऐवजी सोप्या शाळेत घातले, म्हणजे वरचे १० टक्के गाठता यावेत. संख्या फार मोठी नव्हती. तरी नामांकित शाळेत जागा मिळूनही बापाने मुलाला शेजारच्या साध्या शाळेत घालावे, हे दृश्य भारतीय पालकांना बुचकळ्यात टाकणारे आहे.

२८/
भारतातही याचा दूरचा भाऊ होऊन गेला. २०१३ पासून काही वर्षे आयआयटी प्रवेशासाठी प्रवेश परीक्षेतील क्रमांकाबरोबर स्वतःच्या बोर्डातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असण्याची अट होती. वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एकमेकांशी ताडता येत नाहीत, मग प्रत्येकाला त्याच्याच बोर्डात मोजा, हे तर्कशास्त्र तेच. पण बोर्डात लाखो मुले असतात. शाळेत तीस-चाळीसही असू शकतात.

२९/
तिसरा प्रश्न जागांचा. २००८ मध्ये टेक्सासमधून घेतलेल्या नव्या विद्यार्थ्यांपैकी ८१ टक्के या एकाच नियमाने आत आले. विद्यापीठाला स्वतः निवडण्यासारखे फारसे उरले नाही. २००९ मध्ये कायदा बदलून ऑस्टिनपुरती ७५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. अर्जदार वाढत राहिले, म्हणून १० टक्क्यांची रेषा वर सरकू लागली : ८, ७, मग ६.

३०/
२००८ मध्येच अ‍ॅबिगेल फिशर हिने अर्ज केला होता. तिचा क्रमांक ६७४ पैकी ८२. गुणोत्तर १२ टक्क्यांच्या किंचित वर. वरच्या १० टक्क्यांत यायला तिला पंधरा मुले मागे टाकावी लागली असती. उरलेल्या थोड्या जागांसाठी विद्यापीठ २००५ पासून पुन्हा वंशाचाही विचार करू लागले होते. तिने त्याविरुद्ध दावा लावला. खटला दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेला, २०१३ आणि २०१६ मध्ये.

३१/
या खटल्यातील सर्वांत मर्मभेदी वाद क्रमांकाबद्दलच झाला. फिशरच्या वकिलांचे म्हणणे : १० टक्क्यांचा नियम वंशनिरपेक्ष आहे आणि पुरेसाही आहे. २०१३ च्या आपल्या विरोधी मतात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिले की हा नियम वंशाचा विचार न करता केला, असे केवळ शहामृगच मानू शकेल. वस्त्यांतील वांशिक विभाजन डोळ्यांपुढे ठेवूनच तो आखला होता.

३२/
२०१६ मध्ये बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या अँथनी केनेडी यांनी विद्यापीठाच्या बाजूने कौल दिला. असे नियम पालकांना मुले कमकुवत, विभाजित शाळांतच ठेवण्यास प्रवृत्त करतात, हा आक्षेपही त्यांनी नोंदवला. हे कोडे मोठे विचित्र आहे. टेक्सासच्या शाळांत सर्व वंशांची मुले सारखी मिसळली असती, तर १० टक्क्यांच्या नियमातून पूर्वीसारखी विविधता येण्याची खात्री कुणालाच देता आली नसती. एका अन्यायाच्या पायावर दुसऱ्या अन्यायाची भरपाई उभी होती.

३३/
आणि आत आलेल्या मुलांचे काय झाले? कमकुवत शाळांतील मुले ऑस्टिनमध्ये टिकणार नाहीत, अशी भीती आरंभी बोलून दाखवली जाई. सँड्रा ब्लॅक, जेफ्री डेनिंग आणि जेसी रॉथस्टाइन यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की या नियमामुळे आत येऊ शकलेल्यांचे पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण आणि पुढील उत्पन्न दोन्ही वाढले. ज्यांची जागा गेली, ते दुसऱ्या चांगल्या महाविद्यालयांत गेले आणि त्यांचे फारसे नुकसान झाल्याचे आढळले नाही.

३४/
देशात इतरत्र मात्र क्रमांकाचा भाव उतरत गेला. सर्वेक्षणांत १९९३ साली सुमारे ४० टक्के महाविद्यालये त्याला मोठे महत्त्व देत. पंचवीस वर्षांनी दहांतले जेमतेम एक. कारण विद्यापीठांपेक्षा शाळांत शोधावे. हुशार मुलांनी भरलेल्या महागड्या शाळेत चाळिसाव्या क्रमांकाच्या मुलाचेही नुकसान होते, म्हणून अशा अनेक शाळांनी क्रमांक काढणे किंवा कळवणे थांबवले. सधन शाळांना जे झाकावेसे वाटले, तेच एजवुडसारख्या शाळांचे एकमेव तिकीट होते.

३५/
२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्याच खटल्यात प्रवेशात वंशाचा विचार करणे जवळजवळ सर्वत्र बंद केले. या वेळी मूळ तक्रार आशियाई-अमेरिकन मुलांना 'व्यक्तिमत्त्वा'त कमी गुण मिळण्याची होती. ज्यांनी लॉवेल यांचा १९२६ चा निर्णय वाचला होता, त्यांना तो शब्द ओळखीचा वाटला. टेक्सासचा नियम या निकालातून सहीसलामत राहिला, कारण त्यात वंशाचे नावच नाही.

३६/
तो टिकला, पण आक्रसत चालला आहे. ऑस्टिनकडे आता वर्षाला ७० हजारांहून अधिक अर्ज येतात. सप्टेंबर २०२४ मध्ये विद्यापीठाने जाहीर केले की २०२६ च्या शरद ऋतूतील प्रवेशांपासून थेट प्रवेश वरच्या ५ टक्क्यांनाच मिळेल. ६०० मुलांच्या शाळेत १९९८ साली साठावा आलेला मुलगा आपोआप आत जाई. आता ती रेषा तिसाव्या क्रमांकावर आहे.